चष्म्याचं फडकं

नाणं तिरपं धरलं की प्रकाशाचा एक बारीक पट्टा त्याच्यावरून गोल फिरायचा, आणि तो कुठेही अडखळत नाही, असं ते इतकी वर्षं स्वतःला सांगत आले होते. आज भिंगाखाली तो अडखळला... की डोळ्यांचाच दोष?

"बाबा, पुरे आता, दृष्ट लागेल त्याला," मुलगी दारातूनच म्हणाली. "त्या तपासणीवाल्यांकडे पाठवा की. काय तो दर्जा एकदाचा कळेल."

कळेल — हीच तर भीती. नाण्यांचा दुकानदार काल स्पष्टच बोलला होता: "काका, अगदी कोरं ठरलं तर तपासणीची फी कितीतरी पटीने वसूल. कुणी पुसलंय असा शेरा आला, तर फी पाण्यात. सगळी भिस्त तुमच्या नजरेवर." आपल्या नजरेवर! ज्याला, बायको होती तोवर, दोन शर्टांतला एक निवडायलाही ती लागायची, त्याच्या नजरेवर.

त्यांनी दिवा जवळ ओढला. नाण्यावरच्या राणीच्या गालावर केसाहून बारीक रेघा, एकीशेजारी एक, सगळ्या एकाच दिशेने गेलेल्या — आणि ती दुपार अख्खीच्या अख्खी आठवली: ते वाचनालयातून घरी आलेले, आणि बायको त्यांचंच चष्म्याचं फडकं हातात घेऊन उभी. "किती मळकट ठेवलं होतंत हो! आता बघा कसं लखलखतंय." नाणं पुसायचं नसतं, नुसतं कडेने धरायचं असतं, हे तिला सांगणार कोण? या छंदाबद्दल घरात बोलायचीच त्यांना लाज वाटायची. "छान झालं," एवढंच ते म्हणाले होते, आणि त्यानंतर राणीची बाजू कधी भिंगाखाली धरली नव्हती. म्हणजे माहीत होतं? मला माहीत होतं?... असेल.

मग पाठवण्यात अर्थ नाही. हिशेब सरळ आहे. त्यांनी नाणं पाकिटात सरकवलं — आणि पुन्हा बाहेर काढलं. तिकडे कुणी अनोळखी माणूस भिंग लावून तिच्या हाताची ती खूण बघेल, एका शब्दात शेरा देईल, आणि नाणं पारदर्शक डबीत कायमचं बंद करील. मग पुन्हा ते कुणी पुसणार नाही, आणि त्या रेघाही तशाच...

"मग? काय ठरलं?"

"बघू," ते म्हणाले. "फी जरा जास्तच आहे."

पण प्रश्न फीचा नव्हता. इतका वेळ त्या लोकांना रेघा दिसतील याची धास्ती होती. आता वाटत होतं — नाहीच दिसल्या तर?