एक जूनची माणसं

एक जूनच्या सकाळी दिगंबर हिवराळेनं दार उघडलं, तेव्हा बाहेर गल्ली नव्हती. बाहेर एक जून होता. यंदाचा एकटाच नव्हे, तर आजवर होऊन गेलेले सगळे एक जून एकाच मैदानात मांडले होते आणि ऊन सगळ्यांवर सारखंच पडलं होतं. दिगंबरनं चपला पायात सरकवल्या, दार ओढून घेतलं आणि तो निघाला. घरात थांबून करण्यासारखं तसंही काही नव्हतं.

डाव्या हाताला कुठल्याशा देशाच्या राजाला मुकुट चढवत होते. मुकुट डोक्यावर टेकला की लोक टाळ्या वाजवत, मग तो उतरवत आणि पुन्हा चढवत. त्याच्या पलीकडे एक मोठं जहाज कोरड्या मातीत हळूहळू बुडत होतं आणि काठावरची माणसं दर खेपेला नव्यानं रडत होती. तेवढ्यात समोरून पहिली एसटी आली, पुण्याहून नगरला निघालेली, कापडी छताची, फुलांच्या माळा घातलेली. दिगंबर मेहकर डेपोतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाला होता. त्यानं सवयीनं हात दाखवला. गाडी थांबली, तो चढला, आणि गाडीनं त्याला मैदानाच्या मधोमध आणून सोडलं. पुढं नगर नव्हतं. गाडी वळली आणि पुन्हा पुण्याला गेली.

मधोमध माणसं बसली होती. शाळेत नाव घालताना ज्यांची जन्मतारीख घरच्यांना सांगता आली नाही, त्या पोरांना गावोगावच्या गुरुजींनी एक जून लावून दिला होता. ती सगळी पोरं आता म्हातारी होऊन सतरंज्यांवर ओळीनं मांडी घालून बसली होती. वारलेलीही त्यांच्यातच होती. त्यांची सावली पडत नव्हती, एवढाच फरक. ज्यांचा वाढदिवस खरोखरच एक जूनचा होता, त्यांच्यासाठी बाजूला मांडव घातला होता. त्यांच्या कपाळाला कुंकू होतं आणि बसायला खुर्च्या होत्या.

दिगंबर गयाबाईला शोधू लागला.

गयाबाई त्याची बायको. तिचाही कागदावर एक जूनच. सोयरीक जुळली तेव्हा पाव्हण्यांनी हसून म्हटलं होतं की पत्रिका बघायची गरजच नाही, दोघांची एकच आहे. पुढं दर वर्षी ह्या दिवशी ती शेवयाची खीर करायची, आधी त्याच्या पुढ्यात वाटी ठेवायची आणि म्हणायची, घ्या, सरकारी वाढदिवस. होळीच्या सुमारास ती गेली. तेव्हापासून दिगंबरशी दिवसभर कुणी बोललं नाही, असे पुष्कळ दिवस गेले होते. इथं ती असणारच, असं त्याला दार उघडल्याबरोबर वाटलं होतं. हा दिवस जसा त्याचा, तसा तिचाही होता.

तो ओळींमधून वाकून वाकून तोंडं बघत गेला. बायकांच्या ओळी संपल्या. गया नव्हती. पुरुषांत त्याच्या वर्गातला बळीराम इंगळे भेटला, मागल्या पोळ्याला वारलेला. त्यानं फारशी विचारपूस केली नाही. सावजी गुरुजी मांडवात आहेत, त्यांना विचार, एवढंच म्हणाला आणि जरा सरकून बसला, कारण शेजारच्याचा गुडघा त्याला लागत होता.

सावजी गुरुजींनी दिगंबरचं नाव शाळेत घातलं होतं. पुढं बदली होऊन ते गयाच्या गावी गेले आणि तिचंही त्यांनीच घातलं. ते पुढच्याच खुर्चीवर बसले होते, कुंकू लावून. दिगंबरनं पाय धरले आणि तुम्ही मांडवात कसे, असं विचारलं.

"माझा खराच एक जूनचा आहे," गुरुजी म्हणाले. "ज्यांच्याकडे दिवस नव्हता, त्यांना तो दिला. माझ्याजवळ तेवढा एकच होता."

दिगंबरला राग आला नाही. जन्मभर दुसऱ्याचा सदरा घालून हिंडल्यासारखं मात्र वाटलं. त्यानं गयाबद्दल विचारलं.

गुरुजींनी सांगितलं, की ती आली होती, पण सतरंजीवर बसली नाही. मी दिवाळीच्या पाडव्याची आहे, मला जाऊ द्या, म्हणाली. गुरुजींना ते ठाऊकच होतं. तिच्या बापानं नाव घालतानाच सांगितलं होतं. पण पाडवा लिहिला असता तर जूनला वय भरलं नसतं आणि पोरीचं वर्ष वाया गेलं असतं, म्हणून त्यांनी आपला दिवस लावला. ज्याला स्वतःचा दिवस माहीत आहे, त्याला इथं अडवता येत नाही.

"मग ती पाडव्याला गेली," दिगंबर म्हणाला.

"नाही गेली. तिनं मला विचारलं, ह्यांचा खरा दिवस कोणता? म्हणजे तिथं जाऊन थांबते."

"तुम्ही काय सांगितलं?"

"तुला मामानं आणलं होतं. तुझी आई आधीच गेलेली. मामाला काहीच सांगता आलं नाही. मी म्हटलं, बाई, मला ठाऊक नाही."

गुरुजींनी मावळतीकडे बोट दाखवलं. तिकडे शेताला असतो तसा मातीचा बांध होता. बांधापलीकडे दोन जून. गया तो ओलांडून गेली होती, दिवसामागून दिवस, प्रत्येक दिवसातल्या माणसांना विचारत, की दिगंबर हिवराळे इथं जन्मला का.

वर्ष गोल आहे, गुरुजी म्हणाले. सगळे दिवस पालथे घालून ती उगवतीच्या बांधावरून, एकतीस मेकडून, परत इथंच येईल. कधी, ते सांगता येत नाही. माझ्या शेजारी खुर्ची देतो, बैस. आणि घरी जायचं तर अंधार पडायच्या आत जा. जिवंत माणसानं बांध ओलांडला, की त्याचं दार इथं राहत नाही.

दिगंबर बसला. खुर्ची चांगली होती. पण ऊन कलू लागलं आणि दिवस आक्रसायला लागला. आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग राजाच्या मुकुटाला जहाजाची डोलकाठी लागू लागली. पहिली एसटी वळायला जागा नसल्यामुळं पुढं-मागं, पुढं-मागं होत राहिली आणि शेवटी नुसती घरघरत उभी राहिली. सतरंज्यांवरची माणसं एकमेकांच्या मांडीवर आली, पण कुणी उठलं नाही. जिवंत होते ते एकेक करून आपापल्या दारानं घरी गेले. दिगंबरचं दार दूरवर अजून दिसत होतं, लोट्याएवढं.

दोन्ही बांध जवळ येत होते. उगवतीच्या बांधावर कुणीच नव्हतं. दिगंबरनं बराच वेळ तिकडे पाहिलं. घर आठवलं. तिथं त्याला जेवलात का म्हणून विचारणारं कुणी नव्हतं. आणि ती तिकडे कुठल्या तरी परक्या दिवसात, ओळखीचं कुणी नसताना, माणसामाणसाला त्याचं नाव सांगत हिंडत होती.

"ती माझ्यासाठी हिंडते आहे. मी खुर्चीवर कसा बसू?" तो म्हणाला.

गुरुजींच्या दोन्ही खांद्यांना आता माणसं टेकली होती.

दिगंबर मावळतीच्या बांधावर चढला. पलीकडे दोन जून होता, त्याच्यापुढं तीन, आणि पुढं नांगरलेल्या वावरांसारखे दिवसच दिवस. जवळच्या वावरातल्या माणसांनी माना वर करून पाहिलं आणि ओळख न पटून खाली घातल्या. दार दिसेनासं झालं होतं. मागं एक जून आता पाटाएवढा रुंद उरला होता.

त्यानं धोतर आवरलं आणि पलीकडे उतरला. पाठीमागं, एकतीस मेच्या बांधावर, पदर खोचून एक बाई वर चढत होती.