ताईची चार मिनिटं

एकविसावा नकार आला तेव्हा ताई भाजी निवडत होती. मी पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. यंदा प्रवेशिका विक्रमी संख्येनं आल्या, दर्जाही उत्तम होता, त्यामुळे निवड करणं फार जड गेलं, पुढच्या वाटचालीस शुभेच्छा. देठ मोडता मोडता ताईनं विचारलं, "हे सगळे एकाच मास्तरांच्या हाताखाली शिकलेत का गं?"

आमची अ‍ॅनिमेशन फिल्म अकरा मिनिटांची होती. कागदी बाहुल्यांची. काचेच्या टेबलावर कागदाचे तुकडे मांडायचे, वरून फोटो काढायचा, तुकडे केसभर सरकवायचे, पुन्हा फोटो. असे बारा फोटो झाले की पडद्यावर एक सेकंद सरतो. सहा वर्षं आम्ही दोघी बहिणी सुट्टीच्या दिवशी हेच करत होतो. इतर दिवशी मी एका जाहिरात कंपनीत कॉम्प्युटरवर साबणाचा फेस काढायची आणि ताई शर्टांच्या कारखान्यात कटिंगला जायची. तीस वर्षं कॉलर आणि कफ कापून तिचा हात असा बसला होता, की पेन्सिलीची रेघही न ओढता ती कागदातून नखाएवढा अंगठा कापून काढी.

फिल्म बाबांवर होती. बाबा एका कचेरीत लिफ्टमन होते. जन्मभर वर गेले आणि खाली आले. पहिली चार मिनिटं ताईची होती. त्यात बाबा सकाळी उठतात आणि गणवेशाच्या शर्टाची सात बटणं लावतात. बस्स, एवढंच. अर्धांगानं त्यांचा उजवा हात गेला, त्यानंतरची दोन वर्षं, ते जाईपर्यंत, त्यांच्या शर्टाची बटणं ताईच लावायची. त्यामुळे बटण काजात कुठं अडतं, बोट कुठं घसरतं, हे तिला पाठ होतं. त्या चार मिनिटांसाठी तिनं तीनशेवर हात कापले. चष्म्याचा नंबर दोनदा वाढला. फिल्ममधले बाबा मात्र सातही बटणं आपल्या हातानं लावत होते.

पुढची सात मिनिटं माझी. त्यात लिफ्ट छत फोडून वर जाते आणि ढगांवर माणसं चढतात-उतरतात.

ताईपासून एक गोष्ट मी लपवली होती. महोत्सवांना फिल्मची लिंक पाठवावी लागते आणि ती कुणी कुठवर पाहिली हे आपल्याला दिसतं. एकवीसपैकी चार जणांनी ती उघडलीच नव्हती. बाकीचे दीड मिनिटाच्या आत उठून गेले होते. एक तर चाळिसाव्या सेकंदाला, दुसरं बटण लागायच्या आत.

कॉलेजात माझ्या पुढं असलेला एक जण एका महोत्सवाच्या निवड समितीत होता. मी लाज गुंडाळून त्याला फोन केला. त्यानं फिल्म पाहिली. म्हणाला, दोन हजार फिल्म येतात, आम्ही सहा जण बघणार, वाट बघायला वेळ कुणाकडं आहे? लिफ्टचं दार उघडतं तिथं तुझी फिल्म सुरू होते. त्याआधीचं काढून टाक.

मी म्हटलं, तो भाग माझ्या बहिणीचा आहे.

"मग तो बहिणीला घरी दाखव," तो म्हणाला.

मी तो भाग कापला. कचेरीत, जेवणाच्या सुट्टीत. पुरती दोन मिनिटंही लागली नाहीत. मनाला बजावलं की हा नुसता प्रयोग आहे. निवड झालीच तर ताईला समजावून सांगू, ती काही परकी नाही. नवी सात मिनिटांची फिल्म चार ठिकाणी पाठवली आणि चौथ्या ठिकाणी ती निवडली गेली.

ताईला मी एवढंच सांगितलं, की निवड झाली. ती कणीक मळत राहिली. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं सांगितलं, की कटिंगच्या सगळ्या बायकांना कळलंय आणि सुपरवायझरनं न कुरकुरता दोन दिवसांची रजा दिलीय. त्यानंतर मला सांगायला महिना मिळाला होता. तीनदा तोंड उघडलं. एकदा ती कपड्यांना इस्त्री करत होती, एकदा तिच्या पाठीत उसण भरली होती, तिसऱ्यांदा काहीच आड येत नव्हतं, तरी मी हवापाण्याचंच बोलत राहिले.

थिएटर अर्धं भरलं होतं. आमची फिल्म पहिलीच होती. अंधार झाला तसं ताईनं चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. पडद्यावर लिफ्टचं दार उघडलं. ताई पुढं झुकली. मग माझ्या कानाशी येऊन हलकेच म्हणाली, "आपल्याला यायला उशीर झाला का गं?"

"नाही," मी म्हटलं.

ती मागं टेकून बसली. लोक हसायचं तिथं हसले. ढगांचं दृश्य आलं तेव्हा मागं कुणीतरी 'वा' म्हणालं. शेवटी दोघींची नावं आली. ज्या कामासाठी तिचं नाव होतं, ते काम तेवढं फिल्ममध्ये नव्हतं. टाळ्या पडल्या. ताईनंही वाजवल्या.

दिग्दर्शकांना मंचावर बोलावलं. मी तिचा हात धरला, तर ती म्हणाली, तू जा, माझे पाय आखडलेत. मी गेले. लिफ्ट छत फोडून जाते ही कल्पना कशी सुचली, असं कुणीतरी विचारलं, आणि मी पाच मिनिटं बोलले. काय बोलले ते देव जाणे.

नंतर बाहेर ती भिंतीशी उभी होती.

"कधी कापलंस?"

"तीन महिने झाले. सांगणार होते, ताई."

तिनं मान हलवली. कारखान्यात कुणी नवं माणूस काम दाखवायला आणतं तेव्हा हलवत असेल तशी.

"नीट कापलंयस. सांधा दिसत नाही कुठं."

नवी फिल्म करू म्हणायचं होतं, किंवा पाया पडायचं होतं. तेवढ्यात महोत्सवाची माणसं आली आणि सगळ्या दिग्दर्शकांना एकत्र उभं करायला लागली. मला दंडाला धरून मधोमध नेलं. महोत्सवाची माणसंही रांगेत शिरली, फोटो काढायला कुणी उरलं नाही, तेव्हा त्यांच्यातल्या एकानं इकडंतिकडं पाहिलं आणि आपला फोन ताईच्या हातात दिला. कुठं दाबायचं ते तिला नीट समजावून सांगितलं.

सहा वर्षांत हजारो फोटो काढलेल्या माझ्या बहिणीनं ते सगळं ऐकून घेतलं. दोन पावलं मागं सरकली. "जरा जवळजवळ या," म्हणाली. "छोटे, मान वर कर."

मी मान वर केली. तिनं फोटो काढला, पाहिला, आणि म्हणाली, कुणाचे तरी डोळे मिटलेत, अजून एक काढते. तो काढून झाल्यावर तिनं फोन ओढणीनं पुसून त्या माणसाला परत दिला. त्यानं तिचे आभार मानले.