मागच्या भिंतीतली भोकं

थोरलीला मागची खोली हवी होती. उगाच लांबण लावण्यात अर्थ नाही, सगळ्याचं मूळ एवढंच. मुलगा लग्नाचा झाला होता. पुढच्या दोन खोल्यांत ती, नवरा आणि मुलगा दाटीवाटीने राहत होते, आणि मागच्या ऐसपैस खोलीत धाकटी जाऊ एकटी. धाकटीचा नवरा जाऊन काही वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. "एकट्या जिवाला एवढी जागा कशाला लागते?" हे थोरली आधी मनात म्हणायची, मग नवऱ्यापाशी म्हणू लागली, मग धाकटीला ऐकू जाईल अशा बेताने स्वयंपाकघरातून.

धाकटी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. खोली तिच्या नवऱ्याच्या वाटणीची, सासऱ्यांनी चार माणसांसमोर सांगितलेलं. तिथे तिचं शिलाई मशीन होतं. बाजारातल्या एका शिंप्याचे शाळेचे पांढरे शर्ट ती घरी आणायची, काजं करायची, बटणं लावायची, इस्त्री करून गठ्ठा परत द्यायची. त्यावर तिचं भागायचं. कुणाकडे हात पसरायला जायची नाही, आणि खरं सांगायचं तर थोरलीला खोलीपेक्षा हेच जास्त खुपायचं.

आता त्या खोलीचं थोडं समजून घ्या. घर सासऱ्यांनी स्वतः बांधलेलं. ते गवंडी होते, आणि आपल्या घराच्या बाबतीत तर महाहट्टी. घरामागे चढ होता. पाऊस लागला की त्या चढाचं सगळं पाणी मागच्या भिंतीवर यायचं. म्हणून त्यांनी ती भिंत दुहेरी घातली, बाहेर एक, आत एक, मधे चार बोटं पोकळी. बाहेरच्या भिंतीत अगदी तळाशी त्यांनी थोड्याथोड्या अंतरावर दोन विटांमधला उभा सांधा मुद्दाम भरलाच नाही. ती झाली पाणी जायची भोकं. पोकळीत मुरलेलं पाणी तिथून मागच्या बोळात निघून जायचं. वर छताखाली तशीच दुसरी ओळ, ती वाऱ्यासाठी. खोलीच्या आतून यातलं काही दिसायचं नाही. दिसायची फक्त कोरडी ठाक भिंत.

पावसाच्या तोंडावर सासरे बोळात उकिडवे बसायचे आणि वाकवलेल्या तारेने एकेक भोक साफ करायचे. शेवाळ निघायचं, गोगलगाय निघायची, एकदा तर गांधीलमाशीचं अख्खं घर निघालं. पाण्याचा डबा धरायला धाकटी. सासरे गेल्यावर तार तिच्याकडे आली. घरातली बाकी पुरुषमंडळी त्या बोळात कधी फिरकलीच नाहीत, बोळ म्हणजे बायकांचं भांडी घासायचं ठिकाण. थोरली मात्र भांडी विसळताना बघायची आणि हसायची. "भिंतीचे कान कोरतेस का गं?" म्हणायची. धाकटीही हसायची. तेव्हा अजून हसण्यासारखं काही शिल्लक होतं.

मग एका वर्षी न्हाणीघराची फरशी दुरुस्त केली आणि सिमेंट उरलं. थोरलीच्या डोक्यात किडा वळवळायला एवढं पुरे झालं.

धाकटी शर्टांचा गठ्ठा घेऊन शिंप्याकडे गेली की थोरली बोळात जायची. घमेल्यात वाळू-सिमेंट कालवायचं, बोटाने भोकात कोंबायचं, वरून ओला चिखल फासायचा. सांधाच तो, भरला की बाकीच्या सांध्यांसारखाच. वरची ओळ स्टुलावर चढून बुजवली. गुडघे दुखायचे, पण बाईला हौस दांडगी. सिमेंटने बोटं फुटली, तर नवऱ्याला म्हणाली, भांड्यांचा साबण बदललाय. नवऱ्याने मान हलवली. तो माणूस जन्मभर मानच हलवत आला होता.

पाऊस सुरू झाला आणि भिंत प्यायला लागली. आधी तळाशी एक गडद पट्टा आला. मग तो वर चढत मशीनच्या पायडलपर्यंत आला. मग खोलीला वास सुटला, ओल्या फडक्याचा. धाकटी तार घेऊन बोळात गेली आणि तिला एकही भोक सापडेना. ती भिंतीवरून हात फिरवत इकडून तिकडे, तिकडून इकडे जात राहिली. थोरली स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे बघत भाजी चिरत होती आणि तिला, लाज वाटावी असं, बरं वाटत होतं.

संध्याकाळी धाकटीने दिरांसमोर विषय काढला. "भिंतीतली भोकं बुजलीत. पाणी आत येतंय. बघता का जरा?"

नवरा आणि मुलगा दोघेही बॅटरी घेऊन बोळात गेले. थोरली मागोमाग होतीच.

"कुठे आहेत भोकं?" नवऱ्याने विचारलं.

"इथेच होती. ओळीने. जाऊबाईंना माहीत आहे."

सगळ्यांनी थोरलीकडे पाहिलं. थोरलीने भुवई जराशी वर केली, जणू लहान पोराचं ऐकतेय.

"भोकं? कसली भोकं? मी इतकी वर्षं या घरात राहिले, मला तर कधी दिसली नाहीत."

धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. बोलायला तोंड उघडायच्या आत थोरली नवऱ्याला बाजूला घेऊन पुटपुटली, पण बोळ अरुंद, सगळं सगळ्यांना ऐकू गेलं. "जपायला हवं हो तिला. एकटी पडली की माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही."

नवऱ्याने मान हलवली.

पुढचं सगळं थोरलीच्या मनासारखं झालं. शिंप्याने एक गठ्ठा परत पाठवला, पांढऱ्या कॉलरींवर बुरशीचे काळे ठिपके होते. धाकटीने ते धुतले, उन्हात घातले, पुन्हा दिले. दुसरा गठ्ठाही परत आला. मग गठ्ठे यायचेच बंद झाले. मशीनचं चाक गंजून कुरकुरायला लागलं. आणि थोरलीने काय करावं? तिच्या मायेला पूर आला. "बिचारीच्या भिंतीला ओल येते," म्हणत तिने बोळातली अख्खी भिंत बाहेरून प्लास्टर करून घेतली आणि वर रंग मारून घेतला. शेजारणी म्हणाल्या, जाऊ असावी तर अशी.

प्लास्टर झालं त्या दिवशी धाकटीने तिच्यासमोर त्या गुळगुळीत भिंतीवर एकदा बोटं टेकली आणि काढून घेतली. महिनाभरात तिने बाजाराच्या पलीकडे भाड्याने खोली घेतली. मशीन हातगाडीवर चढवताना थोरली दारात उभी होती. "येत जा हं अधूनमधून," म्हणाली. आवाजात साखर पेरलेली.

खोली मिळाली. आता भोकं मोकळी करायची आणि मुलाचा संसार थाटायचा, असा थोरलीचा हिशेब. पण करणार कशी? प्लास्टर तिनेच करून घेतलेलं, भोकं नव्हतीच म्हणून तिनेच सांगितलेलं. आज उद्या करता करता दिवस गेले. मुलाचं लग्न झालं. सून आली ती डोळे उघडे ठेवून आली. मागच्या खोलीत पाऊल टाकलं, नाक आक्रसलं आणि गोड हसली. "आई, आम्ही पुढेच राहतो. मागची खोली तुम्हाला बरी. शांत आहे."

तोवर थोरलीचा नवराही गेला होता. तिच्या बाजूने मान हलवायलासुद्धा कुणी उरलं नाही. तिची खाट मागे हलली, जिथे धाकटीचं मशीन असायचं नेमकी तिथे.

पहिल्या पावसाळ्यात खोकला आला. दुसऱ्यात दम लागायला लागला. अंथरूण कायम दमट, उशीला वास, भिंतीवर काळी बुरशी. पहाटे छातीत अशी घुरघुर व्हायची की थोरली उठून बसायची आणि उजाडायची वाट बघायची. डॉक्टरांनी मुलाला बजावलं, यांना कोरड्या जागेत ठेवा, नाहीतर हा दम यांना सोडायचा नाही, घेऊनच जाईल. मुलाने बायकोकडे पाहिलं. बायकोच्या कडेवर तान्हं होतं. "पुढे जागा कुठे आहे?" ती म्हणाली. खोटं नव्हतं ते. जागा खरंच नव्हती.

शेवटी थोरलीने मनाचा हिय्या करून मुलाला सांगितलं. "मागच्या भिंतीत भोकं आहेत. तुझ्या आजोबांनी ठेवलेली. प्लास्टर फोड, मोकळी कर. भिंत सुकेल."

"भोकं? आई, तूच तर काकूला म्हणालीस की नाहीत म्हणून. मी बॅटरी धरून उभा होतो."

"खोटं बोलले. मीच बुजवली होती. माझ्या हाताने."

किती वर्षांनी बाई खरं बोलली होती. मुलाने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप आहे का म्हणून.

"वय झालं की असं होतं," सून हलक्या आवाजात म्हणाली. "माझ्या आजीचंही असंच सुरू झालं होतं."

मग थोरली स्वतःच बोळात गेली. सांडशी घेऊन जमिनीवर बसली आणि प्लास्टर खरवडायला लागली. जागा चुकली. खरवडलं तिथे सलग वीट निघाली, बाजूला खरवडलं तर पुन्हा वीट. बुजवताना दिसत होती, आता अंदाजाने कुठे सापडणार? दम लागून ती तिथेच आडवी झाली. सुनेने उचलून आत आणलं आणि त्या दिवसापासून बोळाच्या दाराला कुलूप लागलं. हातात सांडशी घेऊन भिंत उकरणाऱ्या म्हातारीला मोकळं कोण सोडेल? सुनेला तरी काय बोलणार.

थोरली रडली, मुलाच्या हाताला धरून बसली. पोरगा वाईट नव्हता, आळशी होता. "बरं," तो म्हणाला, "काकूला बोलावतो. ती त्या खोलीत राहिली आहे. तिने हो म्हटलं तर उद्याच्या उद्या गवंडी आणून भिंत फोडतो. नाही म्हणाली तर मात्र हा विषय पुन्हा काढायचा नाही."

थोरलीच्या जिवात जीव आला. धाकटी कधी खोटं बोलायची नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? खोट्याला खोट्याने उत्तर द्यायचं तिला जमणार नाही, याच भरवशावर तर थोरलीने तिला खोटं पाडलं होतं.

धाकटी आली. आता बाजारात तिचं स्वतःचं छोटं दुकान होतं, हाताखाली दोन बायका होत्या. कडक इस्त्रीचे कपडे, केसांत पांढरं, चालणं मात्र तेच. खाटेच्या कडेला बसली, तब्येत विचारली, चहा घेतला, तान्ह्याला मांडीवर घेऊन खेळवलं. थोरली तिच्या तोंडाकडे बघत होती. बघता बघता धाकटीने कप खाली ठेवला आणि वाकून भिंतीच्या तळाला तळहात लावला. हात ओला झाला. तो तिने रुमालाला पुसला.

"काकू, खरं सांग," मुलगा म्हणाला. "या भिंतीत बाहेरून भोकं होती का? आई म्हणते होती."

"सांग गं," थोरली म्हणाली. "तू तारेने साफ करायचीस. सांग त्याला."

धाकटीने भुवई जराशी वर केली.

"भोकं? कसली भोकं? मी इतकी वर्षं या खोलीत राहिले, मला तर कधी दिसली नाहीत."

मुलाने सुस्कारा सोडला. सुनेने मूल उचलून घेतलं.

"जपा हो यांना," धाकटी दोघांना म्हणाली, अगदी मायेने. "एकटं पडलं की माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही."

मुलगा रिक्षा बघायला बाहेर गेला, सून कप घेऊन स्वयंपाकघरात गेली. थोरलीला बोलायचं होतं, पण खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. धाकटीने तिच्या पाठीवरून हात फिरवला, पाणी पाजलं, उशी नीट केली आणि तोंड तिच्या कानाशी नेलं.

"पहिलं डाव्या कोपऱ्यापासून दोन हातांवर. मग तिथून दर तीन विटांनी एक. वरची बरोबर त्यांच्या डोक्यावर. तार अजून माझ्याकडेच आहे, जाऊबाई. पण भिंतीचे कान कोरणार कोण आता?"

पांघरूण छातीपर्यंत ओढून देऊन ती उठली. मागे वळून पाहिलं नाही.

थोरलीने मुलाला हाक मारली. हाक कसली, नुसती शीळ निघाली. सून दाराशी आली, तिने नाकाला पदर लावला. "आई, वास सगळ्या घरात जातो हो, बाळ आहे पुढे," म्हणाली, आणि दार ओढून घेतलं.