शेपट्या लपवणाऱ्यांची दुहेरी रांग

"कुणाचा विश्वास बसणार नाही, लिहून ठेवा! पण सांगितल्याशिवाय मी इथून हलायचा नाही."

मामा प्रयोगशाळेच्या दारातच उभे ठाकले. अडतीस वर्षं त्यांनी इथल्या काचा धुतल्या होत्या, आणि आज भिंतीवर लागणाऱ्या नव्या पाटीच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. पेशीभोवतीच्या पातळ पडद्यावर इथे ज्यांनी ज्यांनी संशोधन केलं, ते सगळे त्या यादीत होते.

"तीन आठवडे येऊन नुसता शिंकून गेलेला पाहुणा पाटीवर, आणि मी मोरीत?"

"मामा, पाटी उद्या रंगवायला जाईल," नव्या मुख्य बाई पेन्सिल उचलत म्हणाल्या. "तुम्ही काय केलंत ते सांगा. पटलं तर लिहिते."

"पटलं तर म्हणे! अहो, पडद्याचा कण म्हणजे एक डोकं, दोन शेपट्या. डोक्याला पाण्याचं वेड, शेपट्यांना पाण्याचं वावडं. म्हणून पाण्यात ते दोन ओळी धरतात: डोकी बाहेर, शेपट्या आत, एकमेकींच्या आडोशाला. तुमच्या आधीच्या मोठ्या सरांना महिनाभर त्या ओळी जमेनात. का? बाटलीत साबण राहायचा! साबण या कणांचाच चुलतभाऊ. रांगेत घुसतो आणि घर फोडतो. मी बाटल्या दहा पाण्यांनी खळखळल्या, तेव्हा कुठे पडदा धरला. सरांनी साधं 'बरं झालं' म्हटलं नाही!"

बाईंनी मान डोलावली. पेन्सिल कागदावर फिरली. इथे मामांनी तोंड मिटलं असतं तर गंगेत घोडं न्हालं असतं. पण खऱ्यावर थांबणं म्हणजे मामांना अर्धपोटी उठल्यासारखं.

"आणि धरला म्हणजे कसा? हातरुमालाएवढा! चिमट्याने उचलला, बाहेर दोरीवर वाळत घातला. चार दिवस कडक ऊन. खडखडीत वाळला, पण एक कण जागचा हलेल तर शपथ! डोकी बाहेर, शेपट्या आत. माझ्या धुण्याची शिस्त!"

पेन्सिल थबकली.

"दोरीवर पाणी होतं, मामा?"

"पाणी कुठलं? थेंब नाही!"

"मग शेपट्या लपल्या कुणापासून?"

मामा खांद्यावरच्या फडक्याने कोरडेच हात पुसू लागले.

"नाव लिहिलंय, ते दहा पाण्यांसाठी," बाई म्हणाल्या. "ही थाप तेवढी दोरीवरून उतरवा!"