पायातला नाग

त्या फाल्गुनात उरणच्या मिठागरातले काम एका सकाळी थांबले आणि सारी वस्ती बंधाऱ्यावर लोटली. मधोमध मीठ ओढणारा रघू उभा होता. त्याच्या पायाशी भागोजी भगत. भगताने गुडघ्याखाली काळा दोरा आवळताच पोटरीवर निळे, वेडेवाकडे वळ तटतटून वर आले.

"नागोबानं फना काढला बघा. सात पिढ्यांचा रुसवा हाय, आनि उतारा माज्या मुठीत हाय."

मग दोरा सोडून, रघूला उताणा निजवून त्याने तो पाय आपल्या खांद्यावर घेतला. वळ नाहीसे झाले. बायांनी हात जोडले.

रघूची बायको सोनाबाई हिने तेवढे विचारले, "ह्ये उभे ऱ्हायले की परत येतो का त्यो नाग?"

"येनारच. म्हनून आवसेपर्यंत दोरा ठेवायचा. रगत आलं तर भिऊ नको. नाग निगतोय समज, आनि गाठ आवळ." असे सांगून त्याने दोरा पुन्हा बांधला.

चौथ्या दिवशी मीठ ओढण्याच्या फळीचा कोपरा नेमका त्या वळाला लागला. रक्ताची धार सुटली. सोनाबाईने गाठ आवळली. धार वाढली. तिने दातांनी ओढून पुन्हा आवळली. खाडीपलीकडून डॉक्टर वहाब होडीने पोचले, तेव्हा वाफ्यातले पाणी तांबडे झाले होते आणि रघू गार पडला होता.

दहाव्याला भगत सांगू लागला की बाईने शंका काढली म्हणून नाग कोपला. लोकांनी माना डोलावल्या. तिथे आलेल्या डॉक्टरांनी रघूच्या पायातून सोडवून ठेवलेला तोच दोरा घेऊन भगताच्या दंडाला बांधला. त्याच्याही हातावर निळे वळ उभे राहिले.

"भगत, तुमच्यातही नाग आहे काय?" डॉक्टर म्हणाले. "ही नीला. धमनी हृदयाकडून रक्त आणते, नीला ते परत नेते. दिवसभर उभे राहून नीला फुगतात. पाय उंच केला की रिकाम्या होतात. वरून दोरा आवळला की परतीची वाट बुजते आणि रक्त जखमेतून धावते."

सोनाबाईने दोऱ्याकडे पाहिले. "म्हंजे मी गाठ सोडली आसती तर?"

"गाठ सोडून, पाय उंच धरून जखमेवर फडके दाबले असते, तर बहुधा वाचला असता, बाई."

पुढच्या अवसेला मिठागरात आणखी तीन पायांत काळे दोरे दिसले. सोनाबाईने कोयता घेऊन ते तिन्ही दोरे कापले. लोकांनी तिला वेडी ठरविले.

सुज्ञ वाचकहो, बुद्धी गाठ बांधण्यापूर्वी वापरावी. मागाहून ती केवळ रडण्याच्या उपयोगी पडते.