पुढच्या खेपेला

मी रत्नपालच्या घरातली मरून बॅग बोलतेय. बसवकल्याणात, त्याच्या आईच्या पलंगाखाली सध्या माझा मुक्काम आहे. माझं एक चाक गेलंय, चेन मधेच अडते आणि मुठीला जुन्या लुगड्याचा हिरवा काठ बांधलाय. माझ्याकडे बघून कुणाला खरं वाटणार नाही, पण मी तीन देश पाहिलेत. एके काळी हे सांगताना मी फुगून जायची. आता सांगवत नाही, तरी सांगते.

रत्नपालचं बसस्टँडजवळ मोबाइलचं दुकान आहे. वर्षातून एक-दोनदा तो आपल्या भागातल्या बौद्ध मंडळींना बुद्धाच्या ठिकाणांना घेऊन जातो. हुमनाबाद, भालकी, औराद, कुठून कुठून माणसं येतात. त्यात मास्तर असतात, नर्सबाई असतात आणि जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या म्हाताऱ्याही असतात. पहिल्या सहलीच्या वेळी त्यानं मला हैदराबादेतून विकत आणलं.

घरी आले तेव्हा त्याच्या आईनं, सरुबाईनं, माझ्यावरून हात फिरवला. विमानतळावर सगळ्या बॅगा एकसारख्या दिसतात असं तिनं ऐकलं होतं. तिनं जुन्या लुगड्याचा काठ टर्रकन फाडला आणि माझ्या मुठीला घट्ट गाठ मारली.

"आता हरवणार न्हाईस. कुठंबी गेलीस तरी माझ्याच घरला येशील," ती म्हणाली.

सरुबाई चिंताकीकडची. नवरा लवकर गेला. मजुरी करून तिनं एकटीनं रत्नपालला वाढवलं, शिकवलं. तिला स्वतःसाठी एकच गोष्ट हवी होती. लुंबिनी बघायची. जिथं मायादेवीनं झाडाची फांदी धरली आणि सिद्धार्थ जन्माला आला, त्या मातीवर एकदा डोकं टेकायचं. बाकीचे देश तिच्या लेखी असले काय, नसले काय.

आमच्याकडचा माणूस सातासमुद्रापार गेला तरी त्याचं पोट ज्वारीचंच राहतं. त्यामुळे प्रत्येक सहलीआधी सरुबाई चुलीपुढे बसायची आणि सगळ्यांना पुरतील एवढ्या कडक भाकरी करायची. पापडासारख्या पातळ, महिनाभर न बिघडणाऱ्या. त्या धोतराच्या फडक्यात बांधून, शेंगाची आणि कारळाची चटणी डब्यात दाबून ती माझ्यात भरायची. पण त्याआधी, अगदी तळाशी, ती आपलं पांढरं पातळ ठेवायची. वंदनेला नेसायचं, निळीत धुतलेलं.

रत्नपाल निघताना सामान तपासायचा. पातळ हाताला लागलं की हळूच बाहेर काढायचा.

"कामून काढायलास रे? राहू दे की तळाला."

"आई, या खेपंला न्हाई जमत. लोकांच्या म्हाताऱ्या सांभाळू का तुला सांभाळू? पुढच्या खेपंला तुला निवांत नेतो बघ."

"बरं बाबा," ती म्हणायची आणि पातळाची घडी पुन्हा खुंटीवर जायची. त्या जागेत आणखी भाकरी बसायच्या.

असं करत मी फिरले. श्रीलंकेत अनुराधपूरला एका माकडानं माझी चेन उघडून भाकऱ्यांचं गाठोडं पळवलं आणि झाडावर बसून कुरुमकुरुम खाल्लं. बँकॉकच्या हॉटेलात एवढा गारवा होता की भालकीच्या वच्छलाबाई चादर घेऊन बाहेर जिन्यात जाऊन बसल्या. सगळ्यात मला आवडलं ते श्रीलंकेतलंच कँडी गाव. तिथल्या खोलीची खिडकी तळ्यावर उघडायची, आणि मला खिडकीखालीच ठेवलं होतं. कुणी बॅगेला विचारलं की पुन्हा कुठं जायचं, तर मी कँडीच सांगेन. लुंबिनीला मी किती वेळा गेले, पण तिथं आमची उतरायची खोली सोडून मला काही दिसलं नाही. माणसं दर्शनाला जायची आणि मी खाटेखाली पडून राहायची.

परत आलो की सगळे सरुबाईला भेटायला यायचे. तिच्या भाकरीवरच तर दिवस काढलेले असायचे. "जयभीम, सरुअक्का," म्हणत शेजारची कलाबाई आधी यायची. ती तर तीनदा जाऊन आली. सरुबाई चहा ठेवायची, माझ्याजवळ भुईवर बसायची आणि म्हणायची, "सांग बरं, पयल्यापासनं सांग."

मग एक जण तळं सांगायचा, एक जण समुद्र. कुणी निजलेल्या सोन्याच्या बुद्धाचे पाय केवढे ते हात पसरून दाखवायचं. वच्छलाबाईंनी एकदा सांगितलं, "श्रीलंकेत मिहिंतलेच्या डोंगराच्या पायऱ्या मला चढवंनात. तुझ्या रत्नपालनं मला पाठीवर घेतलं गं. पोटच्या पोरानंबी केलं नसतं." सरुबाईचा ऊर भरून आला. ही गोष्ट तिनं साऱ्या गल्लीला सांगितली. मंडळी गेल्यावर मात्र ती माझं झाकण लावता लावता थांबली. "मला तर पाठीवर घ्यायचीबी गरज न्हाई. पाय धड हायत माझे," असं ती मला म्हणाली. मला तोंड असतं तर मी त्याच दिवशी रत्नपालला खडसावलं असतं.

तो काही वाईट मुलगा नव्हता. आई कुठं जातेय, घरातच तर आहे, असं त्याला वाटायचं. परक्या माणसाला दिलेला शब्द आपण धावत जाऊन पाळतो आणि घरच्या माणसाला दिलेला खुंटीवर टांगून ठेवतो. माणसांची ही रीत मी जवळून पाहिलीय.

मग ती साथ आली आणि सहली बंद पडल्या. मी माळ्यावर गेले. खाली उतरवलं तेव्हा घर तेच होतं, सरुबाई मात्र वेगळी होती. तिनं तव्यावर भाकरी टाकली आणि विसरली. घरभर धूर झाला. दुसऱ्या दिवशी कलाबाईला तिनं विचारलं, "बाई, तुमचं गाव कोणतं?" कलाबाई रडतच घरी गेली. कलबुर्गीच्या डॉक्टरनं सांगितलं की हे विसरणं आता वाढतच जाणार.

त्या दिवशी रत्नपाल दुकान उघडायला गेला नाही. माझ्यासमोर बसून राहिला. मग उठला, खुंटीवरचं पातळ काढलं आणि स्वतःच्या हातानं माझ्या तळाशी ठेवलं. मागच्या हिवाळ्यात आम्ही निघालो, सोबतीला कलाबाईही आली.

सिकंदराबादहून गोरखपूर, तिथून बसनं सीमा ओलांडून लुंबिनी. सगळ्या वाटेवर सरुबाईनं माझी मूठ सोडली नाही. बोटांत तो हिरवा काठ गुंडाळून बसायची. खोलीतही मला सोडेना, म्हणून रत्नपालनं मला रिक्षात घालून तिच्याबरोबर थेट मायादेवीच्या मंदिराच्या दारापर्यंत आणलं. सामान आत नेऊ देत नव्हते. कलाबाई मला घेऊन बाहेर बसली. आतले ते जुन्या विटांचे अवशेष तिनं आधी पाहिलेलेच होते.

पांढरं पातळ नेसलेली सरुबाई लेकाचा हात धरून आत गेली. मला वाटलं, झालं बाई एकदाचं. माझा जन्म सार्थकी लागला.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. थकून ती माझ्यावरच बसली. रत्नपाल तिच्यापुढे गुडघे टेकून म्हणाला, "बघितलीस न्हवं आई? जलमाची जागा बघितलीस, पुष्करणीचं पाणी डोक्याला लावलंस."

"विटा दावलास रे मला," ती म्हणाली. "समुद्र कुठं हाय? सोन्याचा निजलेला देव कुठं हाय? झाडावर माकडं भाकरी खायलेत म्हणं, ती कुठं हायत?"

"आई, ते समदं दुसऱ्या देशात गं. लुंबिनी हीच."

"ही न्हाई." तिनं मान हलवली. "लुंबिनी मला ठावं हाय. कलाबाईनं सांगितलीय, वच्छलाबाईनं सांगितलीय. मी गरीब हाय म्हणून फसवायलास व्हय?"

कलाबाईनं पदर तोंडात कोंबला. सांगणाऱ्यांनी सगळं खरंच सांगितलं होतं. पण ऐकत ऐकत इतक्या वर्षांत तिच्या डोक्यात एकच गाव उभं राहिलं होतं, सगळ्या देशांचं मिळून. तिकडं कुठलीही गाडी जात नाही.

मग तिनं रत्नपालच्या डोक्यावर हात ठेवला आणि लहान पोराला समजवावं तसं म्हणाली, "रागावू नकोस. मला लुंबिनीला कधी नेतोस ते सांग."

त्याच्या तोंडून तेच निघालं जे निघायची सवय होती. "पुढच्या खेपंला, आई."

"बरं बाबा," ती म्हणाली.

वर माझ्यावर ती बसलेली आणि खाली तो माझ्या अंगावर डोकं टेकून हुंदके देतोय. किती ओझी वाहिली मी, पण तेवढी जड मी कधीच झाले नव्हते.

आता रत्नपालनं सहली सोडल्या. मला दुरुस्तही करत नाही, टाकूनही देत नाही. माझ्यात भाकरी नाही, चटणी नाही. तळाशी फक्त पांढरं पातळ आहे आणि ते आता कुणी बाहेर काढत नाही.

तुमच्या घरात एखादी बाई असं गुपचूप काही बॅगेच्या तळाशी ठेवत असेल, तर ते काढू नका. दोन भाकरी कमी न्या. लोकांच्या आया थांबतील. याहून जास्त शहाणपण माझ्याकडे नाही, आणि हेही मला फार उशिरा आलं.

थांबा, उजाडलं वाटतं. पलंग करकरला. तिचा हात चाचपडत खाली आला, त्याला हिरवा काठ सापडला, आणि मी एका चाकावर खरडत बाहेर निघाले.

"रत्ना, ऊठ की रे," ती हाक मारतेय. "लुंबिनीला जायलाव न्हवं आज?"