फांद्यांचा दुसरा रस्ता

टिंकर तळ्यातल्या माशांबद्दल मी आजवर जे सांगितलं त्यातलं अर्धं खरं आहे. कुठलं अर्धं, ते माशांनाही माहीत नाही. मी पकडलेला एक ट्राउट इतका म्हातारा होता की पाण्याबाहेर आल्यावर तो आधी खोकला आणि मगच तडफडायला लागला. पण आजच्या गोष्टीत मासा नाही. त्या दुपारी मी इतका घाबरलो होतो की थापा घालायला जागाच उरली नाही.

प्रायमरी तोंडावर आली होती. आपल्या पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदाला कोण उभं राहणार, ते ठरवायचं मतदान. न्यू हॅम्पशायरात ते ऐन हिवाळ्यात येतं, आणि तेवढे दिवस आमच्यासारख्या टोकाच्या गावातही मोठमोठे लोक येऊन पॅनकेक खाऊन जातात. लुसील गॅन्यन आणि मी मार्गो हॅलोरन या उमेदवारबाईंच्या बाजूचे. लुसील निवृत्त शाळामास्तरीण. मला अजूनही ‘अँब्रोस, ओळीत उभा राहा’ अशाच आवाजात हाक मारते.

बाईंचं सगळं बरं चाललं होतं. मग ती चित्रफीत आली. गावच्या हॉलमध्ये बाई म्हणाल्या होत्या, ‘‘बर्फ पातळ असेल तेव्हा ट्रक बर्फावरून हटवा, एवढं माझ्या आजोबांनाही कळायचं.’’ कुणीतरी वाक्याची मागची-पुढची बाजू छाटली. उरलं एवढंच: ‘‘ट्रक बर्फावरून हटवा.’’ खाली रडवं संगीत. आणि वर मोठ्या अक्षरांत: हॅलोरन तुमचं तळं बंद करणार.

आमच्याकडे लोक हिवाळाभर गोठलेल्या तळ्यावर राहतात असं म्हटलं तरी चालेल. बर्फावर लाकडी खोपटी ओढून न्यायची, आत शेगडी पेटवायची, भोक पाडून गळ सोडायचा आणि बायकोला सांगायचं की मासे लागत नाहीत म्हणून उशीर झाला. ट्रक थेट खोपटीच्या दारापर्यंत जातो. तो बंद करायचा म्हणजे काय? गाव पेटलं. आणि ती चित्रफीत गावच्या फेसबुक गटात सगळ्यांत आधी टाकणारा कोण, तर लुसीलचा सख्खा धाकटा भाऊ, ऑरेल.

‘‘तू पूर्ण भाषण ऐकलंस का रे गाढवा?’’ तिनं त्याला सगळ्यांदेखत खानावळीत विचारलं.

‘‘पूर्ण भाषण ऐकायला मी काय तुझ्या वर्गात बसलोय?’’ तो म्हणाला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. फोनवरही त्यानं तिचा नंबर अडवून टाकला.

लुसील गप्प बसणारी नाही. तिनं पुठ्ठ्यांवर बाईंचं अख्खं वाक्य स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं आणि ते पुठ्ठे तळ्यावरच लावायचं ठरवलं, म्हणजे खोपटीवाल्यांना दिसतील आणि पुलावरून जाणाऱ्या गाड्यांनाही. साध्या काड्यांवर लावलेल्या पाट्या वारा उडवून नेत होता, म्हणून आम्ही फरच्या झाडाच्या चांगल्या जाड फांद्या तोडल्या, बर्फात रोवल्या, भोकात पाणी ओतून गोठवल्या आणि पुठ्ठे त्यांना बांधले. पुलापाशी ओढा तळ्यात शिरतो. तिथून निघून आमची रांग पार खोपट्यांच्या रस्त्याला भिडली. तेव्हा थंडी अशी कडक होती की ओढ्याच्या तोंडाशीसुद्धा आम्ही निवांत चाललो. मी तर एकदा नाचूनही दाखवलं. काम सुंदर झालं होतं. लुसीलनं मला चक्क शाबासकी दिली.

मग पाऊस आला. हिवाळ्यातला तो घाणेरडा, कोमट पाऊस, आणि त्याच्या मागून धुकं.

त्या दुपारी आम्ही तिच्या स्वयंपाकघरात बसून मतदारांना फोन करत होतो. मी शेवटचा फोन आर्डिथ कोलला लावला. तिची खोपटी ऑरेलच्या शेजारी, पण पावसामुळे ती सकाळीच घरी परतली होती.

‘‘अख्खं वाक्य ऐक आर्डिथ,’’ मी सुरू केलं.

‘‘वाक्य राहू दे. तुमचे पुठ्ठे भिजून पडलेत सगळे,’’ ती हसत म्हणाली. ‘‘नुसत्या फांद्या उभ्या आहेत. आता तळ्यावर दोन रस्ते झालेत म्हणा!’’

मी हे वाक्य लुसीलला जसंच्या तसं सांगितलं, हसतच. ती हसली नाही. तिच्या हातातला कप तिनं टेबलावर ठेवला, तो टेबलाच्या कडेवरून खाली पडला, आणि तिनं खाली बघितलंसुद्धा नाही.

मग माझ्याही ध्यानात आलं. बर्फावरचा सुरक्षित रस्ता आम्ही फरच्या फांद्या रोवूनच दाखवतो. माझ्या आजाच्या काळापासून. धुक्यात माणूस एका फांदीवरून दुसरी हेरत, गोगलगायीसारखा ट्रक हाकत काठाला येतो. डोळे मिटून विश्वास ठेवावा अशी तळ्यावर ती एकच गोष्ट. म्हणून रोवलेली फांदी बर्फ वितळेपर्यंत कुणी उपटत नाही. भांडणात शेजाऱ्याची खोपटी जाळणारे लोक मी पाहिलेत. फांदीला हात लावणारा नाही पाहिला. आणि आम्ही दोघा शहाण्यांनी, जन्मभर इथं राहून, फांद्यांची रांग थेट ओढ्याच्या तोंडाशी नेऊन सोडली होती. तिथला बर्फ खालून वाहतं पाणी खातं. आता वरून पाऊसही खात होता.

‘‘विचार तिला, तळ्यावर अजून कोण आहे,’’ लुसील म्हणाली.

‘‘ऑरेल,’’ आर्डिथ म्हणाली. ‘‘तो म्हणतो, हॅलोरनच्या नाकावर टिच्चून शेवटपर्यंत बसणार. आता निघेलच, अंधारायच्या आत येतो तो.’’

मी त्याला फोन लावला. माझाही नंबर अडवलेला. आर्डिथनं लावला तर वाजत राहिला.

पुलापाशी पोचलो तेव्हा धुकं इतकं दाट होतं की मला माझेच बूट दुसऱ्या कुणाचे वाटले. तळं दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. बर्फ खोल कुठेतरी कण्हत होता, पोट बिघडलेल्या बैलासारखा. आणि त्या आवाजाच्या पलीकडे एक दुसरा आवाज. ट्रकचा. हळूहळू जवळ येणारा.

‘‘ऑरेल!’’ लुसील ओरडली. ‘‘थांब! ट्रक सोड आणि चालत मागे जा!’’

इंजिन मंद झालं. धुक्यातून त्याचा आवाज आला, अगदी खुशीतला. ‘‘कोण, लुसी? हॅलोरनबाईंनी पाठवलं वाटतं?’’

‘‘अरे, बर्फ पातळ आहे! ट्रक बर्फावर ठेवू नकोस!’’

‘‘आहाहा! पाठ झालंय बघा बाईंचं भाषण!’’

‘‘ऑरेल, मी अँब्रोस,’’ मी घसा फाडून ओरडलो. ‘‘तू ओढ्याकडे येतोयस!’’

‘‘मग नक्कीच नाही येत!’’ तो म्हणाला. ‘‘समोर फांदी दिसतेय मला, गप्पाड्या. फांदी खोटं बोलत नाही, तू बोलतोस.’’ आणि त्यानं हॉर्न वाजवला. प्रचारात आमच्या घरावरून जाताना वाजवायचा तसाच, लांबलचक.

जन्मभर रचलेल्या थापांचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. त्या क्षणी मात्र वाटलं की एखादं खरं बोलून बाजूला ठेवलं असतं तर आता कामी आलं असतं.

बाजूला बघितलं तर लुसील नव्हती. ती काठावरून खाली उतरून बर्फावर पालथी पडली होती आणि सरपटत निघाली होती. सत्तरी उलटलेली बाई, चर्चला घालायचा कोट अंगात. तिच्या कोपराखाली पाणी उमटत होतं. मी तिच्या मागे आडवा झालो. सांगायला लाज नाही, मी डोळे मिटून घेतले होते आणि तिच्या बुटाच्या टाचेला हात लावून सरकत होतो. माझ्या छातीखाली बर्फ हलला. तडकला नाही, नुसता हलला, झोपेत कूस बदलावी तसा. तो स्पर्श अजून कधीकधी गादीत जाणवतो मला.

ती पहिल्या फांदीशी पोचली. तिनं दोन्ही हातांनी ती मिठीत धरली आणि पिळून, हिसके देऊन उपटली. मग दुसरी. तिसरीशी पोचली तेव्हा ट्रकचे दिवे धुक्यातून बाहेर आले, दोन पिवळे डोळे, थेट तिच्यावर.

ऑरेलनं तिला पाहिलं. आपली बहीण, बर्फावर आडवी, रस्त्याची फांदी उपटताना.

आमचं एकही ओरडणं त्यानं मानलं नव्हतं. हे मानलं. ब्रेक करकचले. ट्रक तिरपा घसरला आणि थांबला, आणि मग अगदी सावकाश, सभ्य माणसानं खुर्चीत बसावं तसं, त्याचं नाक खाली गेलं.

‘‘दार!’’ लुसील किंचाळली. ‘‘बाहेर पड, बाळा, बाहेर!’’

तो पडला. कमरेपर्यंत पाण्यात गेला, बर्फाचा काठ धरला, काठ तुटला, पुन्हा धरला. लुसीलनं हातातली फांदी त्याच्याकडे ढकलली. मी तिचे घोटे धरले आणि मागे खेचत राहिलो. माझ्या तोंडून काय निघत होतं देव जाणे. लुसील म्हणते मी पाढे म्हणत होतो. तो वर आला. त्याच्या पाठीमागे ट्रक पूर्ण बुडाला, तरी दिवे चालूच होते. पाण्याखालून बर्फ हिरवा उजळला, दूरवर. मग विझला.

गाडीत हीटर लावून आम्ही तिघं दाटीवाटीनं बसलो. कुणाचेच दात ऐकत नव्हते. ऑरेल लुसीलच्या हाताकडे बघत होता. तिच्या तळव्यात फरचा चीक आणि रक्त.

तिचा फोन वाजला, मग वाजतच राहिला. पुलावरून जाणाऱ्या कुणीतरी फोटो काढून गावच्या गटात टाकला होता. धुकं, लुसील पालथी, हातात उपटलेली फांदी. ट्रक फोटोत नव्हता. खाली लिहिलं होतं: हॅलोरनची माणसं रस्त्याच्या फांद्या उपटताहेत. तळ्यावर माणसं असताना.

त्याखाली लोक काय लिहीत होते ते मी एकदा वाचलं आणि फोन लुसीलच्या हातून काढून घेतला. त्या गावात आम्ही जन्मलो होतो.

‘‘दे इकडे,’’ ऑरेल म्हणाला. त्याचा स्वतःचा फोन तळ्यात होता. त्यानं तिच्याच फोनवरून लिहिलं: मी ऑरेल. ते खरं नाही. माझ्या बहिणीनं मला वाचवलं.

उत्तर लगेच आलं: ऑरेल असता तर बहीण म्हणाला नसता. खोटारडी म्हातारी.

ऑरेल ते वाचत बसला. त्यानं आणखी काहीतरी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं.

तेवढ्यात पुलावर गाड्या आल्या. एक, मग तिच्या मागे बऱ्याच. आमच्या गाडीच्या मागेपुढे थांबल्या, दिवे न विझवता. दारं धाडधाड उघडली. धुक्यात माणसं दिसत नव्हती, नुसते बूट ऐकू येत होते, आणि कुणीतरी लुसीलचं नाव घेत होतं, शाळेतल्यासारखं नाही.

लुसीलनं दाराची कडी आतून लावली. माझा हात तिनं घट्ट धरला.

ऑरेलनं आपल्या बाजूची कडी काढली. ओल्या पँटनिशी, एका पायात बूट नसलेला, तो खाली उतरला आणि तिच्या दाराला पाठ लावून उभा राहिला.

‘‘आधी माझ्याकडे बघा,’’ तो म्हणाला.